बिनविस्तवाची बिस्किटं

गॅसनं एकदा भप्प केलं, बर्नरवरची निळी ज्योत लुकलुकली आणि गेली. मी बटण बंद करून पुन्हा चालू केलं, सिलिंडर हलवला, शेवटी आडवासुद्धा करून पाहिला. रिकामा. कढईत रवा अर्धाकच्चा, बाहेरच्या खोलीत बोरसे सिस्टर नुकत्याच येऊन टेकलेल्या, आणि मधल्या दारात नाना, माझे वडील, इस्त्रीचा शर्ट घालून उभे.

"काय झालं गं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"गॅस संपला."

"मग आता शिऱ्याचं?"

"शिऱ्याचं काय घेऊन बसलात नाना, चहासुद्धा होणार नाही."

दोन हजार पाच सालचा एप्रिल होता. आमचं चाळीसगाव त्या दिवसांत असं तापायचं की अकरा वाजता अंगणातली फरशी पायाला चटका द्यायची. लाईट दहाला गेली होती ती दोनशिवाय येणार नव्हती, म्हणजे विजेच्या शेगडीचंही नाव घ्यायला नको. जास्तीच्या सिलिंडरसाठी नंबर लावून पंधरा दिवस झाले होते. शेजारी जावं तर अख्खी गल्ली एका लग्नाला पाचोऱ्याला गेलेली. सगळं कसं ठरवून आल्यासारखं आलं होतं.

शिरा साधासुधा नव्हता. तो नानांनी केलेला शिरा ठरणार होता. मी आत करायचा, वर बेदाणे लावायचे, आणि नानांनी बशी हातात घेऊन बाहेर जाऊन म्हणायचं, "घ्या, मीच केलाय." हे वाक्य मी त्यांच्याकडून सकाळपासून सात वेळा म्हणवून घेतलं होतं. सातही वेळा ते 'मीच'वर अडखळले होते.

हे सगळं कशासाठी, ते सांगते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. नाना रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, घरात आम्ही दोघंच. माझं लग्न नाशिकच्या हेमंतशी ठरून दोन वर्षं होत आली होती, आणि ते दोन वर्षं मीच पुढे ढकलत होते. कारण एकच. मी गेले की नाना जेवणार काय? या माणसानं उभ्या जन्मात पापड भाजलेला नाही. हेमंत गरीब स्वभावाचा, पण त्याच्या आईनं फेब्रुवारीत निरोप धाडला होता की मेमधली तारीख धरा, नाहीतर आम्हाला मोकळं करा. त्यांचं तरी काय चुकलं?

तेव्हा जळगावात एक मंडळ निघालं होतं. उतारवयात एकटे पडलेल्यांची लग्नं जुळवायचं. मी नानांच्या नावानं फॉर्म आणला, भरला, नानांची सही तेवढी घेतली. त्यात एक रकाना होता, 'स्वयंपाकाची आवड'. मी लिहिलं, 'आहे. रोजचा सर्व स्वयंपाक स्वतः करतात.' लिहिताना पेन जरासुद्धा थांबलं नाही. या वयात कोणती बाई दुसऱ्याच्या चुलीपुढे राबायला येईल, एवढी अक्कल मला होती. बाई घरात आली की पुढचं पुढे बघू, हा माझा हिशेब.

आणि भुसावळहून बोरसे सिस्टर एकट्याच आल्या होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या हेड नर्स. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. उंच, सडसडीत, मनगटावर पुरुषी घड्याळ. आल्या आल्या पंख्याकडे बघितलं, पंखा बंद आहे म्हटल्यावर एक अक्षर न बोलता पिशवीतून पुठ्ठा काढून वारा घ्यायला लागल्या.

मी आत कढईशी झटत असताना त्याच पुठ्ठ्यानं वारा घेत त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गॅस गेला ना? मला आवाजावरून कळलं."

"हो ना. म्हणजे, नाना आता शिरा करणारच होते," मी म्हटलं.

"असं?" त्यांनी आधी कढईतल्या रव्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या उलथन्याकडे, मग नानांच्या कडक इस्त्रीकडे. "भामरे, तुम्ही शिरा करणार होतात?"

नाना घशातल्या घशात काहीतरी पुटपुटले. त्यातला 'मीच' तेवढा ऐकू आला.

"मग हरकत नाही. ज्याला स्वयंपाक येतो त्याचं गॅसवाचून अडत नाही." त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बैठक मारली. "आमच्या नर्सेस हॉस्टेलात स्टोव्हला बंदी होती. मेट्रन गादीखालीसुद्धा हात घालून बघायची. पण आम्ही बिस्किटं करायचो. भट्टी नाही, शेगडी नाही, काही नाही. खोबरं आहे का घरात?"

"आहे," मी म्हटलं.

"तुला नाही विचारलं, बाळ. भामरे, खोबरं कुठे आहे?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षं या घरात राहिलेला माणूस, पण खोबरं कुठे असतं ते त्यांना ठाऊक असेल तर शपथ. मी डोळ्यांनी वरच्या फळीकडे खूण केली.

"आणि तू," सिस्टर म्हणाल्या, "तू त्या पाटावर बस. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, डोळे फिरवायचे नाहीत."

मी बसले. माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरात. खरं सांगते, त्या क्षणी मला ती बाई अजिबात आवडली नाही.

पण नाना कामाला लागले. सिस्टर सांगायच्या आणि ते करायचे. ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे फोडले. मिक्सर चालणार नव्हता, म्हणून खलबत्ता घेऊन जमिनीवर फतकल मारली आणि बिस्किटं कुटली. पहिल्याच दणक्याला अर्धी बिस्किटं खलाच्या बाहेर.

"हळू. पार्सलला सील मारत नाही आहात," सिस्टर म्हणाल्या. "खलाच्या तोंडावर हात धरा. रवाळ झालं की थांबा, पीठ नका करू."

मग भाजलेले शेंगदाणे निघाले. ते घरात नेहमीच असतात, आमच्याकडे दाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही. दाणे सुपात घेऊन चोळायचे आणि पाखडून टरफलं उडवायची. नानांनी सूप असं काही उडवलं की टरफलं सुपातच आणि मूठभर दाणे सिस्टरांच्या मांडीवर. त्यांनी एक उचलून तोंडात टाकला. "भाजलेत चांगले. हे कोणी भाजले?"

नाना सांडलेले दाणे वेचायला लागले. मला तर बोलायचीच बंदी.

डब्याच्या तळाशी दहाबारा काजू होते, थोडे बदाम. त्यांचे अडकित्त्यानं तुकडे करायला सांगितले. ते मात्र नानांना छान जमलं, सुपारीची सवय. तुकडे अगदी एकसारखे पडले. सिस्टर वाकून बघत राहिल्या.

मग खोबरं किसायची पाळी आली. वाटीचा अर्धा कीस पडला असेल नसेल, नानांचं बोट किसणीवरून घसरलं. रक्त आलं. मी ताडकन उठले.

"बस," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, रक्त येतंय त्यांना."

"दिसतंय मला. चौतीस वर्षं रक्तच बघितलंय. भामरे, नळाखाली धरा. कोरडं करा. चिंधी गुंडाळा आणि राहिलेलं किसा. किसणीनं कोणी मेलेलं माझ्या पाहण्यात नाही."

नर्स म्हणवते आणि जागची उठत नाही. माझा असा संताप झाला की वाटलं, हिला आत्ताच्या आत्ता स्टेशनवर पोचवून यावं. पण नानांनी खरंच बोट धुतलं, जुन्या धोतराची चिंधी फाडून बांधली, आणि वाटी संपेपर्यंत किसलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला ते लागलंच थोडं.

"आता दुधाची पावडर, एक वाटी."

दुधाच्या पावडरीचा डबा फळीवर समोरच होता, गाय छापलेला. नानांनी तो खाली घेतला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्या डब्यात रांगोळी होती. मीच भरून ठेवली होती, दिवाळीत. पावडर वेगळ्या डब्यात होती, चहापत्तीच्या. चहापत्ती तिसऱ्याच डब्यात. आमच्याकडे डब्यावरच्या चित्राला काही अर्थ नाही, हे मला माहीत, आईला माहीत होतं, तिसऱ्या कुणाला कधी माहीत असायची गरजच पडली नव्हती. मी खाकरले. सिस्टरांनी बोट ओठावर ठेवलं.

नानांनी झाकण उघडलं. आत पांढरीशुभ्र, मऊ भुकटी. वाटी भरायला घेतली. आणि हात थांबला. त्यांनी वाटी ठेवली, झाकण लावलं आणि डबा तळहातावर घेऊन जरा वरखाली केला.

"हे दूध नाही," ते म्हणाले.

"कशावरून?" सिस्टरांनी विचारलं.

"हा डबा अर्ध्या किलोचा आहे. दुधाची भुकटी गच्च भरली तरी अर्ध्याच्या वर जाणार नाही. हा दीडाच्या खाली नाही. शंभर ग्रॅम इकडे तिकडे." ते अगदी शांतपणे सांगत होते, पार्सल ऑफिसच्या खिडकीत बसल्यासारखे. "तेहतीस वर्षं लोक 'कपडे आहेत साहेब' म्हणून पितळी भांडी पाठवायचे. काट्यावर ठेवायच्या आधी हाताला कळायचं."

मग त्यांनी फळीवरचे डबे एकेक करून उचलायला सुरुवात केली. न उघडता. "ही डाळ. हे पोहे, हलके आहेत. ही साखर." प्रत्येक डबा हातावर तोलायचा, जरा कानाशी हलवायचा, आणि नाव सांगायचं. उघडून बघितलं की तेच निघायचं. चहापत्तीच्या डब्याशी आले, तोलला, म्हणाले, "हे असेल." उघडला. पावडरच.

सिस्टर हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा. दात जरा पुढे होते त्यांचे, पण हसल्या की चेहरा पार बदलायचा. नानाही हसले, आणि माझ्या लक्षात आलं की हे हसू मी सहा वर्षांत पाहिलेलं नव्हतं. कधी बंद झालं तेही आठवेना.

त्यानंतर सगळं भराभर झालं. परातीत बिस्किटाचा रवा, दाण्याचं भरड कूट, काजू-बदामाचे तुकडे, खोबऱ्याचा कीस, दुधाची पावडर, वेलदोड्याची पूड. कीस थोडा बाजूला काढून ठेवायला सांगितला. तूप वितळवायचं काम पडलं नाही, चाळीसगावच्या एप्रिलात ते डब्यातच पातळ होऊन बसलं होतं. नानांनी घड्याळ काढून ठेवलं, बाह्या सारल्या आणि मळायला बसले. मिश्रण आधी सुटंसुटं राहिलं, तेव्हा ते घाबरले.

"दूध घाला, दोन चमचे. एकदम नाही. मुठीत दाबलं की मूठ बसली पाहिजे."

"किती मोठं करू एकेक?"

"तुमच्या मनानं करा. मी काय माप घेऊन आलेय?"

नानांनी चौकोनी केली. मी जन्मात चौकोनी बिस्किट हातानं वळलेलं पाहिलं नव्हतं. प्रत्येक गोळा तळहातावर दाबायचे, चारी कडा बोटांनी ठोकून सरळ करायचे, राखलेल्या खोबऱ्यात घोळवायचे, आणि ताटात ओळीनं लावायचे, फलाटावर खोकी लावतात तसे. छत्तीस झाली. ताट फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात सरकवलं. लाईट नव्हती, पण आत अजून गारवा होता. अर्ध्या तासात बिस्किटं बऱ्यापैकी धरली.

आम्ही बाहेरच्या खोलीत बसून खाल्ली. चहा नाही, माठातलं पाणी. वरून खोबरं, मग बिस्किटाचा खुसखुशीतपणा, मग दाताखाली काजू. चांगली झाली होती हो. नाना एक खाऊन आमच्या तोंडाकडे बघत बसले होते. मी दुसरं घेतलं तेव्हा त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, पण मला त्यांचे कान लाल झालेले दिसले.

"भामरे," सिस्टर हात पुसत म्हणाल्या, "तुम्हाला स्वयंपाक येत नाही."

संपलं, मला वाटलं. आता हेमंतला काय सांगू?

"येत नाही," नाना म्हणाले.

"माहीत होतं मला. आज नाही, पंधरा दिवसांपासून." त्यांनी पिशवीतून दोन कागद काढून टीपॉयवर ठेवले. एक मंडळाचा फॉर्म, माझ्या अक्षरातला. दुसरं निळं आंतरदेशीय पत्र. त्यावर नानांचं अक्षर होतं, पार्सलच्या लेबलावर असायचं तसं, सुटं आणि ठळक.

"नको सिस्टर," नाना म्हणाले.

"वाचू दे तिला."

मी वाचलं. नानांनी लिहिलं होतं की फॉर्ममधली स्वयंपाकाची बाब खोटी आहे, ती मुलीनं लिहिली आहे, तिचा राग मानू नये. ती माझ्यापायी लग्न करत नाही. मला स्वतःला लग्न करायचं नाही, आपली फसवणूक करण्याची इच्छा नाही. फक्त एक विनंती आहे. आपण एकदा घरी यावं आणि मुलीसमोर होकार द्यावा. तिचं लग्न लागलं की आपण पत्रानं नकार कळवावा. तोवर ती सासरी रुळलेली असेल. जाण्यायेण्याचा त्रास होईल त्याबद्दल क्षमस्व. आपला नम्र, रा. गो. भामरे.

मी पत्र खाली ठेवलं. नानांकडे बघायची हिंमत होईना. मी त्यांना फसवून बाई आणत होते, आणि ते मला फसवून सासरी पाठवत होते. दोघंही एका ताटात जेवत होतो, रोज.

"मी खोटा होकार द्यायला आलेले नाही," सिस्टर म्हणाल्या. "असं पत्र लिहिणारा माणूस दिसतो कसा ते बघायला आले. आणि मला काय दिसलं सांगू? मुलगी म्हणते बापाला काही येत नाही. अगं, तू सहा वर्षं त्यांना स्वयंपाकघरात येऊ दिलंस का? पाणी मागायच्या आधी तांब्या हजर. मी अशी माणसं वॉर्डात पाहिलीयत. हातीपायी धड असतात, पण नातेवाईक पाठीमागे उशा लावून लावून त्यांना आजारी करतात."

मला रडू आलं. रागानं आलं की कशानं, तेव्हा कळलं नाही. आज कळतं, खरं होतं म्हणून आलं.

"तिला बोलू नका," नाना म्हणाले. "तिनं केलं म्हणून मी जगलो."

"बोलणार. कुणीतरी बोलायला हवं होतं." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "हे बघ बाळ. मला आणखी एक पेशंट नको. आयुष्यभर पेशंटच सांभाळले, घरीसुद्धा. मला बोलायला माणूस पाहिजे. तू मेमधली तारीख धर. तू गेलीस की हे आठ दिवस या घरात एकटे राहतील. तू यायचं नाही, डबा पाठवायचा नाही, फोन करायचा नाही. नवव्या दिवशी मी जेवायला येईन. काय वाढतील ते जेवीन आणि मग सांगेन. होकार म्हणजे होकार, नाही म्हणजे नाही. कबूल?"

"कबूल," नाना म्हणाले. कधी नव्हे ते माझ्याकडे न बघता.

माझं कबूल निघायला वेळ लागला. पण निघालं.

बावीस मेला माझं लग्न झालं. निघताना मी नानांना डब्यांवर कागद चिकटवून देते म्हटलं, तर म्हणाले, "नको. हाताला कळतं." एवढ्यावर मला गाडीत बसवलं. नाशिकला ते आठ दिवस मी कसे काढले ते हेमंतला विचारा. फोनपाशी गेले की तो नुसता बोट वर करायचा. तिसऱ्या दिवशी मी रात्री जेवले नाही. पाचव्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "कर गं एक फोन, कोण बघतंय?" पण केला नाही. मला भीती वाटत होती ती नाना उपाशी असतील याची नव्हती. फोन उचलून ते म्हणतील, 'ये परत', आणि मी जाईन, याची होती.

नवव्या दिवशी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी मी फोन लावला. वाजत राहिला. वाजत राहिला. मी ठेवणार तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"हॅलो. बोरसे बोलतेय."

"सिस्टर, मी. नाना कुठायत? बरे आहेत ना?"

"बरे आहेत. दोन किलोनं उतरलेत, चेहऱ्यावर शोभतंय. वरणात हिंग जरा जास्त झालाय, पण ते त्यांना अजून सांगितलेलं नाही."

"फोन द्या ना त्यांना."

"आत्ता नाही. कुकर लावलाय, शिट्ट्या मोजतायत. मध्ये कुणी बोललं की चुकतात."

मागून नानांचा आवाज आला, "तीन झाल्या. बंद करू का हो?"

"मला काय विचारता? भात तुमचा आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि मग पुन्हा फोनमध्ये, जरा हळू, "हेमंतराव बरे आहेत? सासूबाई?"

"सगळे बरे आहेत." विचारायचं ते विचारवत नव्हतं. "सिस्टर, तुम्ही जेवून संध्याकाळच्या गाडीनं निघणार असाल ना?"

मग त्या म्हणाल्या, "नाही गं. येतानाच भुसावळच्या घराची किल्ली शेजारी देऊन आलेय, तुळशीला पाणी घालायला. महिनाभर तरी घालत जा म्हटलं."